माणूस एक, पत्ते अनेक

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले, अर्धापूर मागे पडले, की वारंग्याच्या अलीकडे डोंगरकडा लागते. केळीच्या मळ्यांचा हा भाग. कळमनुरी तालुक्यातले हे गाव. या गावात निजामाच्या अमदानीत जन्मलेला एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. तो जन्मभर एकाच घरात राहिला, एकाच विहिरीचे पाणी प्याला. पण त्याला येणाऱ्या पत्रांवरचा पत्ता मात्र बदलत गेला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या संस्थानातला. त्यानंतर स्वतंत्र भारतातल्या हैदराबाद राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुढे १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि 'जि. परभणी' खोडून 'जि. हिंगोली' लिहावे लागले. एका आयुष्यात चार वेळा पत्ता बदलला. माणूस मात्र जागचा हलला नव्हता.

यात एक साधे सत्य आहे. पत्ता वेगळा आणि माणूस वेगळा. पत्ता हा माणसापर्यंत पोचायचा रस्ता. रस्ते बदलतात, नवे होतात, जुने बंद पडतात, एकाच घराला दोन-तीन वाटाही असतात. हे आपल्याला इतके उघड वाटते, की कुणी ते सांगू लागला तर आपण हसू. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकाच्या जगात नेमके हेच सत्य विसरले गेले. तिथे ई-मेलचा पत्ता म्हणजेच माणूस, असे धरले गेले. पत्ता गेला, की त्या संकेतस्थळाच्या लेखी माणूसच नाहीसा झाला. त्याचे खाते, त्याचे अर्ज, त्याची कागदपत्रे, सगळे कुलपाआड. ही चूक कशी शिरली, तिचा फटका कुणाला बसतो आणि ती दुरुस्त कशी करतात, त्याची ही हकिकत.

द्वारा आणि तार

आधी जुन्या टपालाकडे वळू. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे टपाल खाते होते. निजामाचे पहिले तिकीट १८६९ सालचे. या तिकिटांवर इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषांना जागा मिळालेली दिसते. पत्र कुठल्या लिपीत लिहिले जाईल याचा नेम नव्हता, आणि पत्र पोचवणाऱ्याला तर ते पोचवायचेच होते. संस्थानात निजामाचे टपाल होतेच, शिवाय इंग्रजांच्या टपाल खात्याचीही कार्यालये होती. १ एप्रिल १९५० ला निजामाचे टपाल भारतीय टपाल खात्यात विलीन झाले. खाते बदलले म्हणून गावातल्या कुणाला 'आता तुम्ही कोण?' असे पोस्टमनने विचारले नाही. तो माणसाला ओळखत होता.

त्या काळच्या पत्रांवर एक शब्द हमखास दिसे, 'द्वारा'. शाळेतल्या गुरुजींच्या द्वारा, किराणा दुकानदाराच्या द्वारा, आडत दुकानाच्या द्वारा. ज्याचे घर वस्तीपासून दूर, किंवा जो कामासाठी गावोगाव हिंडतो, त्याचे पत्र असे दुसऱ्याच्या पत्त्यावर येई. पण पत्र दुकानदाराच्या पत्त्यावर आले म्हणून ते दुकानदाराचे होत नसे. वरच्या ओळीत नाव लिहिलेले असे, ते ज्याचे त्याला मिळे. हा 'द्वारा' ध्यानात ठेवा, पुढे तो वेगळ्या रूपात भेटणार आहे.

व्यापारी पेढ्यांच्या जुन्या पत्रांचे मथळे पाहिले, तर एकाच पेढीचे तीन-तीन पत्ते छापलेले आढळतात. टपालाचा पत्ता, 'तार' म्हणून एका शब्दाचा नोंदवलेला तारेचा पत्ता आणि टेलिफोनचा नंबर. तीन वाटा, पेढी एकच. १५ जुलै २०१३ ला देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा तारेचे पत्ते निरुपयोगी झाले. पेढ्या बुडाल्या नाहीत.

माणसांचेही तसेच. आपल्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानतात. वारकऱ्यांना ते पंढरपूरचे नामदेव म्हणून ठाऊक. आणि पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला, ते भगत नामदेव. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. नरसीचे कोण, पंढरपूरचे कोण आणि घुमानचे कोण, असे तीन वेगळे कप्पे करून बसलो असतो, तर एका संताचे आपण तीन तुकडे केले असते. लोकांच्या स्मृतीने तसे केले नाही. तिने तीन ठिकाणे एकाच नावाला जोडली.

आकडा माणसाने दिलेला

पत्ता आणि ठिकाण यांची सांगड घालण्याचे मोठे काम एका मराठी माणसाच्या हातून झाले आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्यांचे नाव. मूळचे कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि कवी, आणि नोकरीने टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. देशात एकाच नावाची कितीतरी गावे. त्यात लिप्या अनेक, अक्षरे वाकडीतिकडी. पत्रे भलतीकडे जात. त्यावर त्यांनी सहा आकड्यांची पिनकोडची योजना आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. पहिला आकडा देशातल्या विभागाचा, पुढचे दोन त्याच्या आतल्या भागांचे आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालयाचे.

या योजनेतली एक गोष्ट फार मोलाची. पिनकोड महसुली जिल्ह्याला बांधलेला नाही. मराठवाड्याच्या मोठ्या भागाचे पिनकोड ४३१ ने सुरू होतात, मग ते परभणी असो, नांदेड असो की हिंगोली. त्यामुळे १९९९ मध्ये नवा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पण त्यासाठी पिनकोड बदलायचे कारण पडले नाही. नाव बदलते, हद्द बदलते, म्हणून ओळखीचा आकडा या दोहोंपासून अलग ठेवावा. वेलणकरांच्या योजनेत हे शहाणपण आपोआप आले आहे. संगणकवाल्यांना पुढे हेच पुन्हा शिकावे लागले.

शेतकऱ्याला हे शहाणपण समजावून सांगायची गरजच नाही. त्याच्या घरात सातबारा असतो आणि आठ-अ असतो. सातबारा हा गटाचा उतारा. त्या गटाचे क्षेत्र किती, मालक कोण, पीक कोणते. आठ-अ हा खातेदाराचा उतारा. एका खातेदाराच्या नावावर गावात जितके गट असतील, ते सगळे त्यात एकाखाली एक. एक खाते, गट अनेक. गट विकला तर तो त्या यादीतून जातो, नवा घेतला तर यादीत येतो. खाते तेच राहते. आणि हा बदल कुणी सांगितला म्हणून होत नाही. फेरफाराची नोंद धरावी लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. तलाठ्याच्या दप्तरातली ही रीत नीट समजली, तर संगणकावरचे खाते कसे असावे हे निम्मे समजले.

नंबर आधी, नाव मागून

आता संगणकाकडे येऊ. १९६१ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्रणा दाखवली. तिच्यात एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येई. अनेक जण आले म्हणजे कुणाचे काय, हे ठरवणे आले. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. संगणकावरच्या खात्यांची आणि पासवर्डची पाळेमुळे तिथे सापडतात.

त्यानंतर सत्तरच्या दशकात युनिक्स ही प्रणाली आली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे कर्ते. युनिक्समध्ये प्रत्येक वापरणाऱ्याला एक आकडा असतो आणि एक नाव असते. फाइल कुणाची, हे संगणक आकड्यावरून ओळखतो. नाव आपल्या सोयीसाठी. नाव बदलले तरी आकडा तोच, आणि फाइली ज्याच्या त्याच्याकडे. आठ-अ चा खाते क्रमांकच जणू.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवले. त्यासाठी त्यांनी माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये 'ॲट'चे ते गोल शेपटीचे चिन्ह घातले. म्हणजे 'अमुक माणूस, अमुक ठिकाणी'. आपल्या 'मु. पो.' सारखेच. पत्ता याचा अर्थ ठिकाण, हे त्या चिन्हातच लिहिलेले आहे. १९८२ साली ई-मेलचे नियम लिहिले गेले. त्यात प्रत्येक यंत्रणेवर 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता असलाच पाहिजे, अशी अट होती. ते पत्र प्रत्यक्षात जाई तिथल्या जबाबदार माणसाकडे. त्याचा स्वतःचा पत्ता वेगळा असेच. म्हणजे सुरुवातीपासूनच एका माणसाला दोन पत्ते असणे ही नेहमीची बाब होती.

मग गाडी घसरली कुठे? संकेतस्थळांच्या काळात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाकडून. जोडणीबरोबर ई-मेलचा पत्ताही त्याच कंपनीचा मिळे, आणि जोडणी सोडली की पत्ताही सुटे. ४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. पत्ता फुकट मिळू लागला आणि तो कुठूनही उघडता येऊ लागला. आपल्याकडे रेडिफमेल आले, २००४ मध्ये जीमेल आले. तालुक्याच्या गावीही नेट कॅफे निघाले. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले. तिथे हजारो मुलामुलींनी आयुष्यातला पहिला ई-मेल पत्ता काढला.

दरम्यान संकेतस्थळांची संख्या वाढत होती. प्रत्येकाने नवे नाव मागायचे, आणि 'हे नाव आधीच घेतले आहे' असे उत्तर यायचे. लोक नावे विसरत. त्यावर सोपा तोडगा निघाला. ई-मेलचा पत्ता जगात एकाचा एकच असतो, तो लक्षातही राहतो, मग तोच नावाच्या जागी का नको? पासवर्ड विसरला तर त्याच पत्त्यावर दुवा पाठवता येतो. तोडगा खरोखर सोयीचा होता. त्यात दोष शिरला तो एका गृहीतकामुळे. प्रत्येक माणसाला एकच पत्ता असतो, तो जन्मभर टिकतो आणि तो फक्त त्याचाच असतो, असे संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी धरून चालले. यातली एकही गोष्ट खरी नव्हती. त्यांनी खातेदाराच्या वहीत 'ई-मेल' असा एकच रकाना आखला, आणि तोच रकाना त्याची ओळख ठरवून टाकली.

फटका कुणाला?

ज्याचा पत्ता कधी बदलत नाही, त्याला यात काही खटकत नाही. फटका बसतो तो ज्याचे पत्ते बदलतात त्याला. महाविद्यालयाने दिलेला पत्ता शिक्षण संपल्यावर बंद होतो. कंपनीने दिलेला पत्ता नोकरी सुटली की त्याच दिवशी जातो. लग्नानंतर मुलीचे नाव बदलते, आडनाव बदलते, गाव बदलते. माहेरच्या नावाने काढलेला ई-मेल मागे पडतो, सासरच्या नावाचा नवा निघतो. गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे, आणि संकेतस्थळावर एकाच बाईची दोन खाती. अर्धी कागदपत्रे इकडे, अर्धी तिकडे. दोन्ही खाती तिचीच, पण ती एकत्र करायची सोय नाही.

खेडेगावात तर 'द्वारा' पुन्हा अवतरला. ज्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा ई-मेल नाही, त्याचा शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज भरताना नेट कॅफेवाला आपलाच पत्ता टाकतो. यात त्याचा वाईट हेतू नसतो. रकाना रिकामा सोडता येत नाही, आणि मागे रांग उभी असते. पण टपालाच्या 'द्वारा'मध्ये वरच्या ओळीत माणसाचे नाव होते. इथे पत्ता हेच नाव. पुढे पासवर्ड विसरला, की नवा पासवर्ड जातो कॅफेवाल्याकडे. तोवर कॅफे बंद झाले असेल, तर तो कुणाकडेच जात नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापाच्या मुलाला पुढच्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करायचे असते. त्याच्या दृष्टीने ही एका वर्षाच्या फीची गोष्ट असते.

याहून गंभीर प्रकार २०१३ साली दिसला. याहू कंपनीने बारा महिने न वापरलेले पत्ते मोकळे करून नव्या लोकांना द्यायचे ठरवले. नव्या मालकांना जुन्या मालकांची पत्रे येऊ लागली. आणि ज्या संकेतस्थळांनी तो पत्ता म्हणजेच माणूस असे धरले होते, त्यांच्या लेखी नवा मालकच जुना माणूस झाला. 'पासवर्ड विसरलो' असे म्हणायचे, की दार उघडले! याला आळा घालण्यासाठी फेसबुक आणि याहू यांच्या अभियंत्यांनी एक तोड काढली, आणि २०१४ मध्ये तिचा नियम झाला. पत्राबरोबर तारीख पाठवायची, की 'हा पत्ता या तारखेपासून त्याच माणसाकडे असेल तरच पत्र द्या'. एका परीने हे फेरफाराच्या तारखेसारखेच झाले.

मोबाइल नंबरचेही हेच. २०११ च्या जानेवारीपासून देशभर नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते. ही चांगलीच सोय झाली. पण बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दूरसंचार नियामकानेच सांगितले. जुन्या नंबराला जोडलेले खाते काढून घ्यायचे राहिले, तर त्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती पडतो.

दुरुस्ती कशी?

दुरुस्ती फार अवघड नाही. वही एकाऐवजी दोन करायच्या. पहिल्या वहीत माणूस. त्याला एक आकडा, जो कधी बदलणार नाही आणि ज्याला स्वतःचा काही अर्थ नाही. दुसऱ्या वहीत पत्ते. प्रत्येक पत्त्यासमोर तो कोणत्या आकड्याच्या माणसाचा, तो कधी जोडला आणि तो पडताळला की नाही, एवढे लिहायचे. एका माणसापुढे एक पत्ता असो की पाच, यंत्रणेला फरक पडत नाही. यातल्या कुठल्याही पडताळलेल्या पत्त्याने त्याला आत येता येईल. सूचना पाठवण्यासाठी त्यातला एक 'मुख्य' म्हणून नेमायचा. म्हणजे पहिली वही आठ-अ च्या खाते क्रमांकाची आणि दुसरी गटांची.

वह्या आखल्या, आता नियम. पहिला नियम, एक पत्ता एकाच वेळी दोन माणसांच्या खात्यांत नको. नाहीतर दार कुणाचे उघडायचे, हे ठरणार नाही. दुसरा, पत्ता सांगितला म्हणून तो त्याचा झाला असे मानायचे नाही. त्या पत्त्यावर पत्र पाठवायचे, आणि त्यातला दुवा दाबून त्याने हो म्हटले, तरच तो पत्ता पक्का. तोवर त्या पत्त्याने आत येता येणार नाही, आणि त्यावर पासवर्डही जाणार नाही. तिसरा, न पडताळलेल्या पत्त्याने खऱ्या मालकाची वाट अडवायची नाही. नाहीतर कुणीही उठून तुमचा पत्ता आपल्या खात्यात लिहून ठेवील आणि तुम्हाला 'हा पत्ता आधीच वापरात आहे' असे ऐकावे लागेल. चौथा, पत्ता जोडला, काढला किंवा मुख्य पत्ता बदलला, की बाकीच्या सगळ्या पत्त्यांवर, जुन्यावरही, कळवायचे. ही फेरफाराची नोटीस. पाचवा, शेवटचा पडताळलेला पत्ता काढू द्यायचा नाही. घराचे एकमेव दार भिंत घालून बुजवू नये.

हे नियम कडक का हवेत, याचा पुरावा २०२२ साली पुढे आला. अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पॅव्हर्ड या दोन संशोधकांनी ७५ लोकप्रिय सेवा तपासल्या. त्यांपैकी किमान ३५ सेवांमध्ये एक विचित्र फट निघाली. भामटा तुमच्या ई-मेलने तुमच्याआधीच खाते उघडून ठेवतो. काही ठिकाणी तो त्याच खात्याला गुपचूप आपला दुसरा पत्ताही जोडतो. नंतर तुम्ही येता, पासवर्ड बदलून खाते आपले करता, कागदपत्रे ठेवता. पण त्याचा पत्ता यादीत तसाच असतो. त्या वाटेने तो केव्हाही आत येतो. जमीन घेतली, पण फेरफार तपासला नाही, म्हणजे जे होते, तेच.

यावरून कुणी म्हणेल, मग एकच पत्ता काय वाईट? दारे जितकी जास्त, तितके चोर जास्त. या म्हणण्यात तथ्य आहे. पाच पत्त्यांपैकी एक जरी दुसऱ्याच्या हाती गेला, तर खाते जाऊ शकते. म्हणूनच पत्त्यांची यादी मालकाला केव्हाही दिसली पाहिजे, आणि पासवर्ड नव्याने ठरवताना ती त्याच्यापुढे ठेवून 'हे सगळे तुमचेच ना?' असे विचारले पाहिजे. पण एकच दार ठेवल्याने चोरी टळते असे नाही. एकच दार आणि त्याची किल्ली हरवली, की मालकच बाहेर उभा राहतो. शहरातल्या सुशिक्षित माणसाला ग्राहक केंद्राशी इंग्रजीत भांडून परत आत येता येते. डोंगरकड्याच्या मुलीला ते जमेलच असे नाही.

दुसरी शंका खासगीपणाची. सगळे पत्ते एका खात्याला जोडले, तर सगळ्यांना सगळे कळणार काय? मराठी वाचकाला इथे राम गणेश गडकरी आठवावेत. कविता त्यांनी 'गोविंदाग्रज' नावाने लिहिल्या, विनोदी लेख 'बाळकराम' नावाने, नाटके स्वतःच्या नावाने. माणूस एकच, पण कुठे कोणत्या नावाने उभे राहायचे, हा हक्क त्याचा. संकेतस्थळानेही पत्ते आतल्या वहीत जोडावेत, बाहेर कोणता दाखवायचा ते माणसाला ठरवू द्यावे. आणि ज्याला नोकरीचे आणि घरचे खाते वेगळेच ठेवायचे असेल, त्याच्यावर एकत्र करण्याची सक्तीही नको.

ही गोष्ट जमते, हे दिसलेच आहे. गिटहब, लिंक्डइन यांसारख्या सेवांत एका खात्याला अनेक ई-मेल जोडता येतात. नोकरी बदलली तरी गिटहबवरचे जुने काम आणि नवे काम एकाच माणसाच्या नावावर राहते ते त्यामुळे. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आले. त्यात एकाच बँक खात्याला एकाहून अधिक यूपीआय पत्ते असू शकतात. खाते एक, पैसे यायच्या वाटा अनेक. भाजीवालीलाही ते नीट समजले आहे. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. त्या क्रमांकात गाव नाही, जात नाही, जिल्हा नाही. पत्ता, मोबाइल, ई-मेल या त्याला जोडलेल्या आणि बदलता येणाऱ्या गोष्टी.

पुढे तर ही गरज वाढणारच आहे. ई-मेलचा पत्ता देवनागरीतही असू शकतो, असे नियम २०१२ मध्ये झाले, आणि २०१४ पासून '.भारत' हे देवनागरी नामही मिळू लागले. उद्या एखाद्याचा एक पत्ता रोमन लिपीत आणि एक देवनागरीत असेल. निजामाच्या तिकिटाने चार भाषा सांभाळल्या. आजच्या संकेतस्थळाने दोन लिप्यांतले दोन पत्ते एका माणसाचे म्हणून सांभाळायला काय हरकत आहे?

आपल्या हाती काय आहे, तेवढे सांगतो. ज्या संकेतस्थळावर दुसरा ई-मेल किंवा दुसरा नंबर जोडायची सोय असेल, तिथे तो आजच जोडून ठेवा. नोकरी सोडण्याआधी, महाविद्यालय सोडण्याआधी, लग्नानंतर नाव बदलण्याआधी, जुना पत्ता चालू असतानाच नवा जोडा आणि पडताळून घ्या. जुना बंद पडल्यावर हे करता येत नाही. मुलांचा अर्ज दुसऱ्याच्या पत्त्यावरून भरला असेल, तर ते पहिल्या संधीला बदलून घ्या. वर्षातून एकदा आपल्या खात्यातली पत्त्यांची यादी उघडून पाहा, सातबारा काढून पाहतो तशी. अनोळखी नोंद दिसली, तर काढा.

आणि ज्यांच्या हाती संकेतस्थळे बांधायचे काम आहे, विशेषतः शासनाची, विद्यापीठांची, बँकांची, त्यांना एवढेच सांगणे, की अर्जावर 'ई-मेल' हा रकाना आखण्याआधी तो कोण भरणार आहे याचा विचार करावा. तो भरणाऱ्याचे गाव बदलेल, नाव बदलेल, नोकरी बदलेल. कधी तो दुसऱ्याच्या दारी उभा राहून अर्ज भरेल. त्याचे खाते मात्र त्याच्याकडेच राहिले पाहिजे. वहीत एक रकाना वाढवला तर एवढे साधते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)